ऑर्काचा शो बघायला जावं का? आणि त्यांना सोडून का देत नाहीत?

हापूसवाली_रत्नागिरी

नमस्कार मंडळी, विषय जरा आपल्या किनाऱ्यापासून लांबचा आहे पण इथे समुद्रातलं कळणारी माणसं आहेत म्हणून विचारतेय. मे महिन्यात आम्ही सॅन दिएगोला दिराकडे जाणार आहोत, त्याने हौसेने तिथल्या सीवर्ल्ड पार्कची तिकिटं आधीच काढून ठेवलीत, ते काळे-पांढरे ऑर्का असतात ना, किलर व्हेल, त्यांचा शो. मला वाटलं लेक नाचेल ऐकून, नऊ वर्षांची आहे. तर ती गप्पच झाली.

झालं असं की २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू वाळूत येऊन पडलं होतं, आठवत असेल सगळ्यांना, तेव्हा आम्ही तिथे गेलो होतो. दोन दिवस लोक त्याच्या अंगावर पाणी मारत होते, बोटीने ओढून आत नेऊन सोडलं आणि तरी ते गेलंच. तिने ते सगळं बघितलंय. तर ती मला म्हणाली, आई त्या पिल्लाला पाण्यात ढकलायला एवढी माणसं धडपडत होती, मग ह्यांना बाहेर कोणी काढलं? मला उत्तर देता आलं नाही.

तर दोन गोष्टी. जावं का? आणि एवढे पैसे आहेत त्यांच्याकडे तर सोडून का देत नाहीत त्यांना समुद्रात? पार्क समुद्राच्या काठावरच आहे म्हणे.

खाडीपलीकडचा

ताई, मी मूळचा गुहागरचा, आता ११ वर्षं सॅन दिएगोत. पाहुणे आले की न्यावंच लागतं त्यामुळे ते पार्क मला पाठ आहे 😄

पूर्वीसारखं आता राहिलेलं नाही हे आधी सांगतो. २०१० ला फ्लोरिडात टिलिकम नावाच्या नराने ट्रेनर बाईंना पाण्यात ओढून मारलं, त्यानंतर ट्रेनर शोसाठी पाण्यात उतरणं बंद झालं. २०१३ ला त्याच्यावर डॉक्युमेंटरी आली आणि लोक खवळले, आणि २०१६ च्या मार्चमध्ये कंपनीने स्वतःच जाहीर केलं की ह्यापुढे ऑर्कांची पैदास करणार नाही, आत्ता आहेत ती शेवटची पिढी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदाही केला. म्हणजे हे दुकान बंद होणारच आहे, फक्त गिऱ्हाइकं संपेपर्यंत चालू आहे.

नरांचं पाठीवरचं पर बघा, समुद्रात सहा फुटांपर्यंत ताठ उभं असतं, तळ्यात जवळजवळ प्रत्येक मोठ्या नराचं वाकून एका बाजूला पडलेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं ही जातच वेगळी आहे.

पण एक सांगू का, तुम्ही नाही गेलात म्हणून एकही ऑर्का सुटणार नाही. आणि तुमच्या तिकिटाच्या पैशांतूनच त्यांची मासळी येते, डॉक्टर येतो. बहिष्कार घालून पार्क बुडालं तर आधी कोण उपाशी मरणार ह्याचाही विचार करा.

शिंपला

खाडीपलीकडचा दादांचा शेवटचा मुद्दा मला पटत नाही पण उडवून लावण्यासारखाही नाही, त्यावर खाली येते. (मी मत्स्यशास्त्र शिकतेय, आणि लहानपणी रत्नागिरीच्या मत्स्यालयातला व्हेलचा सांगाडा बघून ह्या नादाला लागले.)

सोडून का देत नाहीत, तर एकदा सोडून बघितलंय. केको नावाचा नर होता, १९७९ ला आइसलँडजवळ पकडला तेव्हा जेमतेम दोनेक वर्षांचा. फिरत फिरत मेक्सिको सिटीत पोचला, म्हणजे समुद्रापासून लांब, सव्वादोन हजार मीटर उंचीवर, कोमट पाण्याच्या छोट्या तळ्यात, वजन घटलेलं, अंगावर चट्टे. १९९३ ला त्याला घेऊन सिनेमा निघाला, सिनेमात तो सुटतो, आणि मग पोरांनी पत्रं लिहिली की खरा कुठाय? त्यातून पैसे उभे राहिले, १९९६ ला विमानाने ओरेगॉनला नेला, तिथे धष्टपुष्ट केला, १९९८ ला आइसलँडच्या एका उपसागरात जाळं लावून त्यात ठेवला. जिवंत मासा पकडून खायला शिकवावं लागलं त्याला, विचार करा, समुद्रातला सगळ्यात वरचा शिकारी आणि त्याला शिकार शिकवायची. २००२ ला तो निघाला, एकटा पोहत नॉर्वेला पोचला. आणि तिथे पोचून काय केलं, तर माणसांच्या मागे लागला. बोटींजवळ यायचा, पोरं पाठीवर बसायची. डिसेंबर २००३ ला न्यूमोनियाने गेला.

आता त्याच २००२ सालातली दुसरी गोष्ट. सिएटलजवळ दोन वर्षांचं एक अनाथ पिल्लू एकटंच फिरताना सापडलं, स्प्रिंगर. ऑर्कांच्या प्रत्येक कुटुंबाची बोली वेगळी असते, आपल्याकडे कसं बाणकोट ते वेंगुर्ला दर खाडीला बोली बदलते तसं, तर तिच्या आवाजावरून ती कोणाची पोर ते शोधून काढलं. महिनाभर जाळ्यात ठेवून औषधपाणी केलं, बोटीने उत्तरेला तिच्या माणसांच्या वाटेवर नेऊन सोडलं (माणसांच्या म्हणतेय मी, असू दे). नातेवाइकांनी सामावून घेतली. २०१३ ला ती स्वतः आई झाली.

दोघांत फरक काय? ती महिनाभर बाहेर होती, तो वीसहून जास्त वर्षं. तिच्या घरचे कोण ते माहीत होतं, त्याचे कधी सापडलेच नाहीत. पोहता येण्या न येण्याचा हा प्रश्नच नाहीये, घर आठवणारं कोणी शिल्लक आहे का हा आहे. आणि आज पार्कात आहेत त्यातले बहुतेक तिथेच जन्मलेले, त्यांना समुद्र म्हणजे काय तेच माहीत नाही. उचलून टाकलं पाण्यात तर पुण्य आपल्याला लागेल, मरतील ते.

म्हणून मधला मार्ग म्हणतात तो असा की खाडीसारखी जागा जाळं लावून बंद करायची आणि तिथे ठेवायचं. खरं पाणी, भरती-ओहोटी, तळाला दगड आणि खेकडे, पण खायला माणूस देणार, डॉक्टर असणार, शो नाही. कॅनडात नोव्हा स्कोशियाला अशी जागा करायचं चाललंय. केकोला ठेवला होता त्याच आइसलँडच्या उपसागरात २०१९ ला शांघायहून दोन बेलुगा व्हेल आणले त्यासाठी. सोपं अजिबात नाही ते, त्या दोघींना आतल्या तळ्यातून बाहेर उपसागरात रुळवतानाच नाकी नऊ आले.

तांडेल_तारकर्ली

मी तारकर्लीक बोट चालवतंय, बारा वर्सा झाली. ऑर्का बिर्का फक्त मोबाइलार बघितलंय पण गादे (डॉल्फिन) रोज बघतंय. बाकीच्यांका समजूचा म्हणून साध्या मराठीत लिहितो आता.

पहिला प्रश्न पडला तो म्हणजे ह्यांना खायला काय घालतात? एवढा मोठा प्राणी, बर्फातली मासळी घालत असणार. बर्फातल्या मासळीत राम नसतो हे आमच्या घरातलं मांजरपण सांगेल.

दुसरं, तळं किती खोल असतं ते कोणी सांगेल काय.

शिंपला

तांडेलकाका तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. हे प्राणी समुद्राचं पाणी पीत नाहीत, त्यांना लागणारं पाणी ताज्या मासळीतूनच मिळतं. गोठवून परत वितळवलेल्या मासळीतलं पाणी गेलेलं असतं, म्हणून पार्कात त्यांना जिलेटिनच्या वड्या खायला घालतात, पाणी पोटात जावं म्हणून! खरवसासारखं थलथलीत काहीतरी डोळ्यासमोर आणा.

खोलीचं म्हणाल तर मायामीच्या पार्कातल्या टोकिटे नावाच्या ऑर्काचं सांगते. तिचं तळं सगळ्यात खोल जागी २० फूट होतं, आणि ती स्वतः साधारण २० फूट लांब. म्हणजे सरळ उभी राहिली की शेपटी तळाला आणि नाक वर. आमच्या घरची विहीर ह्याहून खोल आहे.

ह्या टोकिटेला पकडलं ते १९७० च्या ऑगस्टमध्ये, सिएटलच्या वर पेन कोव्ह म्हणून खाडी आहे तिथे. वेगवान बोटी, वरून विमान, पाण्यात सुरुंगासारखे बार, असं करून अख्खा कळप खाडीत हाकला आणि जाळी टाकली. रापण ओढताना कसे सगळे मिळून कडं आवळत आणतात तसं, फक्त इथे आत पोरंबाळं होती आणि आया जाळ्याबाहेर ओरडत होत्या. काही पिल्लं जाळ्यात अडकून बुडून मेली, आणि कोणाला कळू नये म्हणून पोटं फाडून दगड भरून बुडवली. पुढे किनाऱ्याला लागलीच ती. तो कळप आज ७०-७५ च्या घरात आहे, तेव्हाची नेलेली पोरं हे त्याचं एक कारण.

टोकिटे तेव्हा चारेक वर्षांची. तिच्याबरोबर ह्यूगो नावाचा तिच्याच समुद्रातला नर होता, तो १९८० ला मेला, त्यानंतर एकही ऑर्का तिच्या वाट्याला आला नाही. तरी ती तिच्या कळपाचे आवाज काढायची. मार्च २०२३ ला एकदाचं ठरलं की तिला घरच्या पाण्यात न्यायचं, आणि ऑगस्टमध्ये ती गेली. लमी म्हणून तिथले मूळ आदिवासी आहेत, ते तिला नातेवाईक मानतात, त्यांनी तिची राख त्या समुद्रात सोडली.

वरवंटा

सगळं खरं हो, पण गंमत वाटते. गोठ्यात म्हैस जन्मभर दाव्याला, कोंबडी खुराड्यात, त्यावर कोणी धागा काढत नाही. अमेरिकेतल्या माशासाठी मात्र डोळ्यात पाणी. आणि मत्स्यालयं नसती तर तुमच्या लेकीला ऑर्का काय ते कळलं तरी असतं का?

शिंपला

मासा नाही, सस्तन आहे, पिल्लाला दूध पाजते. खरं म्हणजे व्हेलपण नाही, डॉल्फिनांतली सगळ्यात मोठी जात. म्हणजे काकांच्या गाद्यांची भाऊबंद.

म्हशीचं म्हणणं कबूल, त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन. पण म्हशीला माणसाळवायला हजारो वर्षं गेलीत. समुद्रात दिवसाला शंभर किलोमीटर पोहणाऱ्या आणि आयुष्यभर आईच्या मागे राहणाऱ्या प्राण्याला कोणी माणसाळवलं? लोखंडी गेट आणि सिमेंट चावून चावून त्यांचे दात झिजतात, तुटतात, मग त्यात भोकं पाडून रोज धुवावे लागतात. समुद्रात ऑर्काने माणूस मारल्याची एकही नोंद नाही, पार्कांमधून चार माणसं मेलीत, त्यातली तीन एकट्या टिलिकमच्या तळ्यात.

आणि लेकीला ऑर्का कळला तो मोबाइलवरच कळला असणार.

वायंगणीचा_पोरगा

हा विषय आपल्यापासून लांब नाही ओ ताई. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला सीवर्ल्ड करायचं घाटत होतं ते विसरलात? गावात सभा, मोर्चे, जमीन द्यायची नाही म्हणून बायका पुढे. लोक जमिनीसाठी भांडले हे खरं, डॉल्फिनसाठी नाही, उगाच मोठेपणा घेत नाही. पण मे २०१३ ला केंद्राने परिपत्रक काढून देशात कुठेही डॉल्फिनचे शो करायला बंदी घातली, त्यामुळे आत नाचवायला कोण आणणार हा प्रश्नच मिटला. त्याआधी १९९८ ला चेन्नईजवळ बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते, काही महिन्यांत मेले.

आमचे आजोबा म्हणायचे गादे बघायचे तर सकाळी किनाऱ्यावर येऊन बसा, तिकीट कसलं काढताय.

तांडेल_तारकर्ली

आजोबा बरोबर. पण आता खरं बोलायचं तर आम्ही पण काय धुतल्या तांदळासारखे नाही. सिझनला एका गाद्याच्या कळपामागे दहा-बारा बोटी, सगळ्यांची इंजिनं चालू, पाहुणे ओरडतात अजून जवळ घ्या, पैसे दिलेत. पिल्लू बाजूला असेल तर आई त्याला अंगाआड घेऊन लांब जाते हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि तरी मागे गेलोय. हल्ली मी इंजिन बंद करून थांबतो, कधी येतात कधी नाही येत. नाही आले की पाहुणे रेटिंग एक स्टार देतात.

खाडीपलीकडचा

काका 🙏 वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

माझा उपाशी मरण्याचा मुद्दा अजून तिथेच आहे पण. फ्रान्सचं बघा, अँतिबला पार्क होतं, कायदा झाला, लोक यायचे कमी झाले, जानेवारी २०२५ ला कुलूप. आत विकी आणि तिचा मुलगा केइजो तसेच. दोघंही तिथेच जन्मलेले. पार्कापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, पण सोडता येत नाही, दुसऱ्या पार्कात पाठवायचं तर स्पेन नको म्हणालं, खाडीतली जागा तयार नाही. गिऱ्हाईक गेलं, शेवाळलेल्या तळ्यात ती दोघं राहिली.

शिंपला

हो, म्हणूनच मी उडवून लावलं नाही म्हटलं. फक्त तिकिटाच्या पैशाने हे सुटेल असं नाही वाटत मला. पन्नास वर्षं त्यांच्या जिवावर गल्ला भरला ना, मग म्हातारपणीचा खर्च ज्याने भरला त्याने करावा. बैल म्हातारा झाला म्हणून शेतकरी त्याला लोकांच्या वर्गणीवर सोडत नाही (निदान सोडू नये). आधी खाडी तयार करा, मग पार्क बंद करा, उलट केलं की अँतिब होतं.

हापूसवाली_रत्नागिरी

बापरे, मला वाटलं दोन ओळींत उत्तर येईल. सगळ्यांचे आभार, वरवंटा तुमचेपण.

काल दिराशी बोलले. तिकिटं परत होत नाहीत म्हणे, त्याला थोडं वाईट वाटलं, जाऊबाई म्हणाल्या आपण दुसरीकडे जाऊ, तिकडेही बोटीने व्हेल दाखवतात. मे महिन्यात कुठले दिसतात ते खाडीपलीकडचा दादा तुम्ही सांगा. लेकीला मी स्प्रिंगरची गोष्ट सांगितली, केकोची अर्धीच सांगितली.

तिने मात्र स्वतःच मोबाइलवर शोधून काढलं की सॅन दिएगोला कॉर्की म्हणून एक आहे, १९६९ च्या डिसेंबरात कॅनडाच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली, पन्नासहून जास्त वर्षं झाली, आणि तिच्या घरचा कळप अजून त्याच पाण्यात फिरतोय. आता ती रोज विचारतेय की कॉर्कीला तिची बोली आठवत असेल का. शिंपला, हे तुम्हीच सांगा, मी तिला तुमचं नाव सांगून ठेवलंय.

शिंपला

आठवते. घरचे आवाज अजून काढते ती. त्यांच्या पाण्यात रेकॉर्ड केलेले तिच्या कुटुंबाचे आवाज एकदा तिला ऐकवले होते, तर तिचं सगळं अंग थरथरायला लागलं. नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगायचं की नाही ते मात्र तुम्ही ठरवा ताई.