सरकारी शाळेसाठी ग्रँटचा अर्ज लिहितोय, पैसे नक्की कशासाठी मागावेत?

पाटी_पेन्सिल:
नमस्कार मंडळी, शहरातल्या एका सरकारी शाळेतले आम्ही काही पालक आणि दोन शिक्षक मिळून एका ट्रस्टकडे पहिल्यांदाच अर्ज करतोय, ३ वर्षांची ग्रँट आहे. मीटिंगमध्ये बहुतेकांचं म्हणणं टॅबलेट आणि स्मार्टबोर्ड मागू, निदान डोळ्यांना काहीतरी दिसेल तरी. मला मात्र वाटतं की पाचवीत येऊनही ज्या पोरांना धड वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक जादा माणूस हवा, रोज तासभर घेऊन बसणारा. पण पगारासाठी पैसे देतात का हे लोक? आणि ३ वर्षांनी त्या माणसाचं काय?

जुना_फळा:
मी काही वर्षं अशा अर्जांची छाननी केलीये. पगाराला देतात, पण सगळे नाही, म्हणून लिहायला बसायच्या आधी फोन करून विचारा, अर्धी मेहनत तिथेच वाचते. वस्तूंना पटकन हो म्हणतात कारण पावती मिळते, फोटो निघतो. पण टॅबलेट बिघडला तर दुरुस्त कोण करणार, नेटचं बिल कोण भरणार, हे कित्येक अर्जांत नसायचंच आणि मग ती खोकी कपाटात पडून राहायची, फार वाईट वाटायचं बघून. आणि अजून एक, मॅचिंगची अट आहे का बघा, म्हणजे ते देतील तेवढेच तुम्ही दुसरीकडून उभे करायचे.

नदीकाठ:
मॅचिंगवरून आठवलं, अमेरिकेत न्यूअर्कला हेच झालं होतं. २०१० मध्ये फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गने तिथल्या शाळांसाठी १० कोटी डॉलर जाहीर केले, तेवढेच इतरांनी घालायचे, म्हणजे एकूण २० कोटी. घोषणा थेट टीव्हीवर, ओप्रा विन्फ्रेच्या प्रसिद्ध टॉक शोमध्ये, आणि तिथल्या कितीतरी पालकांना, शिक्षकांना ती बातमी टीव्हीवरूनच कळली. २ कोटींच्या वर रक्कम सल्लागारांच्या फीमध्ये गेली. अगदीच वाया गेलं असं नाही, हार्वर्डच्या संशोधकांना २०१७ मध्ये इंग्रजीत मुलांची प्रगती वाढलेली दिसली, गणितात मात्र तसा फरक नाही. पण लोकांचा राग गेला नाही, कारण त्यांना कोणी आधी विचारलंच नव्हतं. तुमच्याकडे पालक स्वतः अर्ज लिहितायत हीच मोठी गोष्ट आहे, ते अर्जात ठळक लिहा.

शाळेची_घंटा:
माणसावर खर्च करा या मताची मी. अमेरिकेतल्या वॉलेस फाउंडेशन या देणगी देणाऱ्या संस्थेने २०११ पासून तिथल्या ६ मोठ्या शहरी भागांतल्या शाळांना मुख्याध्यापक घडवण्यासाठी पैसे दिले, इमारती नाहीत की मशिनं नाहीत, फक्त चांगली माणसं निवडायची, शिकवायची आणि नेमल्यावर पाठीशी उभं राहायचं. २०१९ च्या रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात नवीन मुख्याध्यापक आलेल्या तिथल्या शाळांमधली मुलं वाचनात आणि गणितात, दोन्हीत तशाच इतर शाळांपेक्षा पुढे निघाली, आणि खर्च त्या भागांच्या शालेय बजेटच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. एवढा थोडा असला की ग्रँट संपल्यावर सरकारी बजेटमधून तो उचलायला सांगता येतं.

पाटी_पेन्सिल:
खूप आभार सगळ्यांचे. @शाळेची_घंटा ताई, मग पहिल्या वर्षी पूर्ण पगार ग्रँटमधून आणि पुढे दरवर्षी शाळेचा वाटा वाढवत न्यायचा असं लिहिलं तर चालेल का?

शाळेची_घंटा:
चालेल, पण शिक्षण खात्याचं तसं पत्र आत्ताच मागून घ्या आणि अर्जाला जोडा, तिसऱ्या वर्षी मागायला गेलात तर तोवर साहेब बदललेले असतील.