स्कॉटलंडची तळी, डोंगर आणि किल्ले : तुमचे अनुभव लिहा

बहीण पुढच्या जूनमध्ये स्कॉटलंडला निघाली आहे. "हायलंड्समध्ये काय काय बघू?" असं तिने विचारलं. हायलंड्स म्हणजे तिथला उत्तरेकडचा डोंगराळ भाग. मी यादी करायला घेतली आणि थांबले. आम्ही लॉख नेस (लॉख म्हणजे तळं किंवा खाडी) एका दिवसात उरकलं होतं. एडिनबरोहून सकाळी निघून रात्री परत, आणि बहुतेक वेळ बसच्या खिडकीशी. ती हळहळ अजून आहे. म्हणून ज्यांनी हा भाग निवांत पाहिला आहे त्यांनी लिहा. यादी नको, पाय कुठे थबकले ते सांगा.

सुरुवात मी करते. लॉख नेसच्या काठचा अर्कर्ट किल्ला. दरवाजापाशी चुन्यात एकजीव झालेल्या दगडांचे भलेमोठे ढिगारे पडले आहेत. १६९२ मध्ये किल्ला सोडून जाताना तिथल्याच शिबंदीने सुरुंग लावला, जॅकोबाइट बंडखोरांच्या, म्हणजे पदच्युत राजा जेम्सच्या समर्थकांच्या, हाती तो लागू नये म्हणून. १८१८ मध्ये इंग्रजांनी आपल्या कित्येक गडांच्या पायऱ्या अशाच उडवल्या, त्यामुळे तिथे मला परकं वाटलंच नाही. खाली पाणी कोऱ्या चहासारखं. आजूबाजूच्या डोंगरांवरच्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या, मातीचा रंग त्यात उतरतो. तळ्याची खोली सुमारे २३० मीटर आहे. त्या काठावर मला अजून एक तास हवा होता.

*

ग्लेन्को. थ्री सिस्टर्स डोंगरांसमोर गाड्या थांबतात, फोटो होतात, लोक पुढे जातात. आम्हीही तेच करणार होतो. पण वडिलांना इतिहासाची आवड, म्हणून मी वाचून दाखवलं. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे याच दरीत मॅक्डोनाल्ड घराण्याची कत्तल झाली. मारणारे सरकारी सैनिक त्याआधी बारा दिवस त्यांच्याच घरांत पाहुणे म्हणून राहिले होते. अडतीसेक माणसं मारली गेली, आणि पळालेल्यांपैकी कित्येक बायकामुलं बर्फात गारठून गेली. बाबा बराच वेळ दरीकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागले नाहीत." पुढच्या वाटेवर कोणी गाणी लावली नाहीत.

*

बहिणीला दोन गोष्टी नक्की सांगा. एक, चिलटं. उन्हाळ्यात वारा पडला की संध्याकाळी ढगासारखी येतात, केसांत, कानांत, सगळीकडे. तोंडावर घ्यायची जाळी सोबत असू द्या. वारा सुटला की तीच चिलटं दिसेनाशी होतात.

दुसरं, एकाच गाडीपुरते अरुंद रस्ते. समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या रुंद केलेल्या जागेत, थांबायचं. ती जागा आपल्या उजव्या हाताला असेल तर आत वळायचं नाही, तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचं. मागचा घाईत असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्यायचं. आणि तिथे गाडी लावून फोटो काढायला उतरायचं नाही, एवढं पाळाच. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, घाई कशाला करायची?

*

आयलन डॉनन किल्ल्याला जाऊ नका, तो नवा बांधलाय, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. नवा आहे हे खरंच. १७१९ मध्ये जॅकोबाइटांच्या बाजूने आलेली स्पॅनिश तुकडी आत होती. ब्रिटिश आरमाराने तोफा डागल्या आणि मग किल्ला दारूने उडवला. जवळजवळ दोनशे वर्षं नुसते अवशेष. १९११ मध्ये मॅक्‌रे घराण्यातल्या जॉन मॅक्‌रे-गिलस्ट्रॅप यांनी ते बेट विकत घेतलं आणि १९३२ पर्यंत किल्ला पुन्हा उभा केला. पडक्या भिंतींसाठी एखाद्याने वीस वर्षं द्यावीत, याचंच मला अप्रूप वाटलं. खाऱ्या पाण्याचे तीन लॉख तिथे मिळतात. पुलावर उभी होते तेव्हा ओहोटी होती. किल्ल्याखालचे खडक शेवाळाने पिवळे-तपकिरी दिसत होते आणि वाऱ्याला समुद्राचा वास होता. मी तरी पुन्हा जाईन.

*

माझं मत किलचर्नला. लॉख ऑ हे साधारण ४१ किलोमीटर लांब तळं, त्याच्या टोकाला पंधराव्या शतकात कॅम्पबेल घराण्याने बांधलेला हा किल्ला. गाडी लावून रेल्वेच्या पुलाखालून चालत जायचं. आम्ही गेलो तेव्हा वाट चिखलाची होती, बूट पार भिजले.

१७६० च्या सुमारास किल्ल्यावर वीज पडली आणि त्यानंतर तो ओस पडला. तेव्हा कोसळलेला एक छोटा बुरूज अंगणात अजून तसाच आहे, उलटा, डोकं खाली. एरवी मान वर करून पाहायची गोष्ट अशी हाताशी. माझी मुलगी त्याच्या गोलाईवरून ओला हात फिरवत राहिली, आणि मग वर बघून विचारायला लागली, "हा नेमका कुठून पडला?" पाऊस वाढला तरी आम्ही दोघं तुटलेल्या भिंतींवर ती जागा शोधत होतो.