नेव्ह, आइल, चॅन्सल: इंग्लिश खेड्यातल्या जुन्या चर्चला मराठी शब्द कुठून आणायचे?

प्रश्न

पूर्व इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या जुन्या चर्चवर एक माहितीपट आहे, त्याची मराठी सबटायटल्स करते आहे. निवेदक सुरुवातीलाच नेव्ह, आइल, चॅन्सल, रूड स्क्रीन, फाँट, लिचगेट असा धडाका लावतो. सबटायटलला तळटीप देता येत नाही, आणि प्रेक्षक वाचेपर्यंत चित्र पुढे गेलेलं असतं. नेव्हला (लोक बसतात तो मुख्य भाग) 'सभामंडप' आणि चॅन्सलला (त्यापुढचा, वेदीकडचा भाग) 'गाभारा' करून टाक, असं सगळे सांगताहेत. मला ते खटकतंय, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद, एक आर्किटेक्ट

खटकायलाच हवं. गाभाऱ्यात लोक बसत नाहीत, खिडक्या नसतात, अंधार हा त्याचा गुणच असतो. चॅन्सलचं उलट. पूर्वेच्या भिंतीत इमारतीतली सगळ्यात मोठी खिडकी बहुतेक तिथेच असते, वेदीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना गाणाऱ्यांची आसनं असतात, आणि दक्षिणेला पाद्र्यासाठी वेगळं छोटं दार असतं. कितीतरी खेड्यांत चॅन्सलचं छप्पर नेव्हपेक्षा ठेंगणं असतं, दगडही वेगळा असतो. त्याचं कारण सौंदर्यदृष्टी नाही, पैसा आहे. मध्ययुगापासूनचा रिवाज असा की नेव्हची डागडुजी गावाने करायची आणि चॅन्सलची रेक्टरने, म्हणजे त्या चर्चच्या मुख्य पाद्र्याने, कारण गावाचा दशमांश, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, त्याच्या घरात जायचा. गावात लोकरीचा पैसा आला की नेव्ह उंच झालं, चॅन्सल होतं तसंच राहिलं.

पुष्कळ ठिकाणी रेक्टरचा हक्क मठांकडे होता. पुढे मठ मोडले, त्यांच्या जमिनी आणि हक्क खासगी हातांत गेले, आणि जमिनीबरोबर चॅन्सल दुरुस्तीची जबाबदारीही गेली. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलो या गावचा खटला यावरूनच झाला. एका शेतजमिनीच्या मालकांनी चॅन्सलच्या दुरुस्तीचा खर्च द्यायचा की नाही, हा वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००३ मध्ये निकाल चर्चच्या बाजूने लागला. थोडक्यात, नेव्ह म्हणजे गावाचा भाग आणि चॅन्सल म्हणजे पाद्र्याचा भाग. मराठी शब्दातून एवढं कळलं तरी पुष्कळ.

प्रतिसाद

नेव्ह हा शब्द लॅटिनमधल्या 'नाविस'वरून आला, म्हणजे जहाज. म्हणून 'नौकागृह' कसं वाटतं?

प्रतिसाद, नगरहून

नौकागृहात होड्या ठेवतात हो.

आमच्याकडे उपासनेला जाणाऱ्या कुणाच्याही तोंडी नेव्ह नाही. जमलेल्या लोकांना आम्ही 'मंडळी' म्हणतो, पाद्र्याला 'पाळक', अल्तारला 'वेदी'. बायबलच्या मराठीतून आलेले हे शब्द दीडशे-दोनशे वर्षं वापरात आहेत, ते सोडून नवी टांकसाळ कशाला उघडायची? नेव्हला 'मंडळीचं दालन' म्हणा. वर आर्किटेक्टसाहेबांनी सांगितलेला 'गावाचा भाग' हा अर्थही त्यात येतो. सभामंडप म्हटलं की डोळ्यांपुढे बाजूने उघडे खांब आणि टांगलेली घंटा उभी राहते.

आणि चर्चला सरसकट 'देऊळ' करण्याआधी एक लक्षात ठेवा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्याच वाँटेजला झाला. परतल्यावर त्यांनी, हिंदू देवधर्माचा वास असलेले शब्द टाळून, अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं आणि शेवटपर्यंत ते केलं. शब्दाला दुसऱ्या देवाचा वास येतो का, हा प्रश्न आपल्याकडे आजचा नाही.

प्रतिसाद, एक आर्किटेक्ट

'मंडळीचं दालन' मान्य. चॅन्सलसाठी आता मूळ शब्दाकडे जाऊ या. लॅटिन 'कॅन्सेली' म्हणजे जाळी, कठड्याची आडवी-उभी जाळी. तिच्या पलीकडचा भाग तो चॅन्सल. (चेकवर आडव्यातिडव्या रेघा मारून तो 'कॅन्सल' करतात, तीही हीच जाळी. न्यायालयात जाळीपाशी उभा राहणारा शिपाई तो चॅन्सेलर, आणि आपण त्याला कुलपती केलं!) म्हणून मी म्हणेन 'वेदीचं दालन'. दोन दालनं, मध्ये कमान. प्रेक्षकाला चित्रातही तेच दिसणार आहे.

पुन्हा प्रश्नकर्ती

छान! मग आइल? 'दोन ओळींमधली वाट' असं लिहून ठेवलंय, पण निवेदक 'नॉर्थ आइल पंधराव्या शतकात बांधलं' असं म्हणतो. वाट बांधली म्हणजे काय?

प्रतिसाद, इप्सविचहून

ताई, इंग्रजांचाही इथे गोंधळ आहे. नवरी 'आइलमधून चालत' येते असं सगळे म्हणतात, पण ती चालते नेव्हच्या मधोमध. वास्तूच्या भाषेत आइल म्हणजे खांबांच्या रांगेपलीकडचा बाजूचा पट्टा, उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक. गाव वाढलं की बाजूची भिंत फोडून कमानी काढायच्या आणि बाहेर उतरतं छप्पर टाकून जागा वाढवायची. विमानातल्या आणि दुकानातल्या आइलचा अर्थ नंतरचा आहे.

प्रतिसाद, चिपळूणहून

बाजूची भिंत, उतरतं छप्पर, मूळ घराला नंतर जोडलेली. अहो, ही तर पडवी!

प्रतिसाद, एक आर्किटेक्ट

काटछेद काढला तर हुबेहूब पडवी. फक्त बाहेरची बाजू बंद.

शब्दाच्या अंगाने 'पाखा' त्याहून जवळचा आहे. आइल आलं फ्रेंच 'एल', लॅटिन 'आला' यावरून, म्हणजे पंख. इंग्रजी स्पेलिंगमधला मुका 'एस' बेटाच्या शब्दाशी घोटाळा होऊन घुसलेला आहे. आपला पाखा संस्कृत 'पक्ष'वरून, म्हणजे पंखच. दुपाखी घर म्हणतो तेव्हा छपराच्या दोन उतरणी अभिप्रेत असतात, हे खरं. तरी 'उत्तरेचा पाखा पंधराव्या शतकात बांधला' हे वाक्य मराठीत उभं राहतं.

प्रतिसाद, चिपळूणहून

शहरातल्या प्रेक्षकाला पाखा कळणार नाही, पडवी कळेल. माझं मत पडवीला.

प्रतिसाद, इप्सविचहून

पाखा की पडवी ते तुम्ही ठरवा. मी रूड स्क्रीनबद्दल लिहितो, कारण तिथे भाषांतर हमखास घसरतं.

'रूड' हा क्रूसासाठीचा जुना इंग्रजी शब्द. चॅन्सलच्या कमानीत लाकडी कोरीव जाळी, तिच्यावर एक अरुंद माळा, आणि माळ्यावर मोठा क्रूस. एका बाजूला मरिया, दुसरीकडे योहान. धर्मसुधारणेत, म्हणजे इंग्लंड पोपपासून फुटल्यावर, राजा सहाव्या एडवर्डच्या काळात, क्रूस आणि मूर्ती उतरवल्या गेल्या. पुढे १५६१ मध्ये राणी एलिझाबेथच्या हुकुमाने माळेही काढायचे झाले, खालची जाळी मात्र ठेवायची होती. म्हणून आज 'रूड स्क्रीन' म्हणून जी दिसते तिच्यावर बहुतेक ठिकाणी रूडच नसतो. नॉर्फकमधल्या रॅनवर्थला जाळीच्या खालच्या फळ्यांवर पंधराव्या शतकातले रंगवलेले संत अजून आहेत. आणि कितीतरी चर्चमध्ये भिंतीच्या पोटातून वर जाणारा चिंचोळा जिना असतो, वर गेलं की पुढे काहीच नाही. माळ्यावर जायचा जिना तो. माळा गेला, जिना भिंतीत असल्यामुळे वाचला.

'पडदा' मुळीच लिहू नका, कापडाचा वाटतो. 'क्रूसाची जाळी' चालेल.

प्रतिसाद, नगरहून

क्रूस पोर्तुगीजांकडून आला, तेव्हा शब्द परका म्हणून टाकायचा प्रश्नच नाही. गोव्यात तर अख्ख्या चर्चलाच 'इगर्ज' म्हणतात, तोही त्यांचाच.

पुन्हा प्रश्नकर्ती

आता लिचगेट. चर्चच्या आवाराच्या तोंडाशी छप्पर असलेलं लाकडी फाटक दिसतं. 'छपराचं फाटक' म्हटलं तर?

प्रतिसाद, इप्सविचहून

छप्पर कशासाठी ते सांगतो. 'लिच' म्हणजे जुन्या इंग्रजीत देह, प्रेत. अंत्ययात्रा इथे थांबायची, प्रेत खाली ठेवायचे. काही ठिकाणी त्यासाठी मधोमध दगडी ओटा असतो, आणि खांदेकऱ्यांना टेकायला दोन्ही बाजूंना बाकं. पाद्री आतून येऊन इथेच सामोरा जायचा आणि प्रार्थनेची सुरुवात इथेच व्हायची. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातच तशी सूचना आहे. पावसात उघड्यावर किती वेळ उभं राहणार, म्हणून छप्पर.

प्रतिसाद, चिपळूणहून

विसावा!

तिरडी वाटेत खाली टेकवतात ती जागा. आमच्याकडे आजही विसाव्याची जागा ठरलेली असते. 'विसाव्याचं फाटक' लिहा, मराठी माणसाला एका शब्दात कळेल.

प्रतिसाद, एक आर्किटेक्ट

याला तोड नाही. माझ्याकडून एवढंच की तरुण प्रेक्षकाला विसावा म्हणजे रिसॉर्टचं नाव वाटू शकतं. पण चित्रात शवपेटी दिसणार असेल तर प्रश्न मिटला.

भिंतीतल्या वस्तूंचे शब्द तर आपल्या जुन्या घरांत आयते पडलेत. वेदीजवळ भिंतीतलं कपाट असतं, 'ऑम्ब्री', त्यात पवित्र भांडी ठेवत. ते सरळ 'फडताळ'. आइलमध्ये बसलेल्याला वेदी दिसावी म्हणून भिंतीतून तिरकं आरपार भोक पाडतात, 'स्क्विंट', तो 'तिरका झरोका'. (गाइड लोक त्याला महारोग्यांची खिडकी म्हणून सांगतात, तिकडे दुर्लक्ष करा.) उठाऊ आसनाच्या पोटाला छोटी फळी असते, आसन उभं केलं की उभ्या माणसाला तिच्यावर टेकता येतं. इंग्रजीत 'मिझेरिकॉर्ड', म्हणजे दया, कारण तासन् तास उभ्याने प्रार्थना म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांवरची दया. शब्दकोशवाले 'दयासन' करतील. 'टेकू' म्हणा आणि मोकळे व्हा.

अडतं ते 'पिसिना'शी. कोनाड्यात छोटं दगडी वाडगं आणि त्याला भोक. भांडी विसळलेलं पाणी त्यातून भिंतीतल्या भिंतीत खाली पवित्र जमिनीत मुरतं.

प्रतिसाद, नगरहून

वस्तू म्हणून ती मोरीच, पण तो शब्द वेदीशेजारी नेववत नाही.

प्रतिसाद, चिपळूणहून

तीर्थ पायदळी येऊ नये म्हणून तुळशीत ओततात, त्यातलाच प्रकार. 'तीर्थाचा कोनाडा'?

प्रतिसाद, नगरहून

तीर्थ म्हटलं की पळीपंचपात्र आलं. नुसतं 'निचऱ्याचा कोनाडा' लिहा, पाणी कुठे जातं ते निवेदक सांगेलच.

पुन्हा प्रश्नकर्ती

फाँटला 'बाप्तिस्म्याचं कुंड' धरते आहे. पण एका दृश्यात निवेदक फाँटच्या झाकणाची उंची सांगतो, ती ऐकून मी थबकले. अठरा फूट?

प्रतिसाद, इप्सविचहून

बरोबर आहे. सफकमधलं अफर्ड. पंधराव्या शतकातलं लाकडी झाकण, कळसावर कळस चढवल्यासारखं निमुळतं होत जवळजवळ छताला भिडतं. कुंड उघडायचं असलं की खालचा भाग वरच्या भागावर सरकतो, अख्खं झाकण उचलावं लागत नाही. झाकणाचं मूळ कारण मात्र साधं. मंतरलेलं पाणी कुंडात भरून ठेवलेलं असायचं, ते जादूटोण्यासाठी चोरीला जाऊ नये म्हणून कुंडाला कुलूप घालावं असा आदेश कँटरबरीच्या आर्चबिशपने १२३६ मध्ये काढला होता. जुन्या कुंडांच्या काठावर कोयंड्याच्या खुणा दिसतात त्या याच.

कुंड दाराजवळ का, असं कुणी विचारेल. बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश, म्हणून.

वेदीपुढच्या लाकडी कठड्याचीही अशीच गंमत. १६३६ मध्ये नॉरिचच्या बिशपने फर्मावलं की कठड्याचे गज इतके जवळ हवेत की कुत्री आत शिरता कामा नयेत. तेव्हा 'कठडा'च लिहा, 'रेलिंग' नको.

प्रतिसाद, एक आर्किटेक्ट

टॉवर, स्टीपल आणि स्पायर या तिन्हींना 'मनोरा' करू नका. टॉवर म्हणजे मनोरा, त्यावरचा टोकदार भाग तो स्पायर, म्हणजे आपला 'सुळका', आणि दोन्ही मिळून स्टीपल. सफकमधल्या ब्लाइदबर्गच्या चर्चला ४ ऑगस्ट १५७७ च्या वादळात कोसळला तो सुळका. छप्पर फोडून आत आला, एक माणूस आणि एक मुलगा दगावला. मनोरा अजून उभा आहे. 'मनोरा कोसळला' असं सबटायटल आलं आणि पुढच्याच दृश्यात मनोरा दिसला, तर प्रेक्षक तुम्हाला हसेल.

आणि 'बेल्फ्री'. त्यात 'बेल' ऐकू येते म्हणून सगळे फसतात. जुन्या फ्रेंचमध्ये तो वेढ्यात वापरायचा लाकडी बुरूज होता, घंटेशी काही संबंध नाही. 'घंटेचा मजला' पुरे. घंटा हा शब्द इथे बिनधास्त वापरा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिथल्या पोर्तुगीज घंटा आपल्या देवळांत आल्याच की. वाईजवळ मेणवलीला जाऊन बघा.

पुन्हा प्रश्नकर्ती

ब्लाइदबर्गच्या बाकांची दृश्यं सुंदर आहेत. बाकाच्या टोकाच्या फळीवर सात महापापं कोरलीत, त्यात 'आळस' चक्क बिछान्यात बसलाय. 'प्यू' म्हणजे 'बाक' यावर कुणाचा आक्षेप नसावा. १६८२ चा लाकडी शिपाईही आहे, घंटेवर टोला घालणारा.

शेवटची अडचण. छताच्या मध्यावर पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत आणि त्यांत शिशाचे छर्रे सापडले. १६४४ मध्ये मूर्ती फोडत हिंडणाऱ्या विल्यम डाउसिंगच्या माणसांनी गोळ्या झाडल्या असं वर्षानुवर्षं सांगत आले, पण छर्रे निघाले अठराव्या शतकातले, 'जॅकडॉ' मारण्यासाठी झाडलेले. जॅकडॉला 'डोमकावळा' लिहिलंय.

प्रतिसाद, इप्सविचहून

डोमकावळा नको, तो मोठा आणि ठार काळा. जॅकडॉ आपल्या गावकावळ्याहूनही लहान, मानेवर करडा, डोळा पांढुरका. मनोऱ्याच्या भोकांत आणि धुराड्यांत काटक्या कोंबून घरटं करतो, म्हणून तर चर्चवाल्यांना नकोसा. महाराष्ट्रात तो नाहीच, तेव्हा मराठी नाव शोधत बसू नका. 'छोटे कावळे' लिहा, ओळीतही बसेल.