'हासेइ क्यारा'ला मराठीत काय म्हणावं?

रातराणी:
दिवाळी अंकासाठी हात्सुने मिकुवर लेख लिहितेय. जपानमधल्या साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीचं गाणारं सॉफ्टवेअर, 31 ऑगस्ट 2007 ला बाजारात आलं, इथपर्यंत गाडी सुरळीत होती. पुढे चाहत्यांनी मिकुवरून स्वतःची पात्रं काढली: आकिता नेरु, योवाने हाकु, हाचुने मिकु. जपानीत यांना 'हासेइ क्यारा' म्हणतात. मी 'उपपात्रं' लिहिलं, तर संपादकांचा शेरा आला, "कोणत्या कथेतली? कथासार द्यावे." अहो, कथाच नाही! एक आवाज, खोक्यावर एक चित्र, वय 16, उंची 158 सेंमी, वजन 42 किलो. कंपनीने दिलं ते जवळपास एवढंच. बाकी सगळं लोकांनी रचलं. शब्द सुचवा, शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

शब्दखुळा:
उपपात्र म्हणजे नायिकेची मैत्रीण. संपादकांचं बरोबर आहे. सरळ 'अवतार' लिहा.

अवंती:
अवतारात देव तोच राहतो हो. हाकु म्हणजे मिकु नव्हे. 'योवाने हाकु' या शब्दांचा जपानीत अर्थच मुळी रडगाणं गाणं. सॉफ्टवेअर हौसेने आणलं आणि गाणं काही जमेना, अशा वापरणाऱ्याचं ते रूप आहे. नेरुचं नाव तर 2चॅनेल या जपानी चर्चास्थळावरच्या कुजकट प्रतिक्रियांतून आलं: 'आकिता, नेरु', म्हणजे 'कंटाळलो, झोपतो'. मिकुचा विषय निघाला की हे टाकणारे लोक असायचे, त्यांनाच पिवळे केस आणि हातात मोबाइल देऊन मुलगी केली. टोमण्याचं माणूस झालं! याला अवतार कसं म्हणणार?

गुरुजी_निवृत्त:
उत्तर व्याकरणात आहे. जपानी व्याकरणात 'हासेइगो' म्हणजे आपला साधित शब्द. सिद्ध शब्दाला प्रत्यय-उपसर्ग लागून होतो तो साधित. मिकु सिद्ध, हाकु साधित. म्हणून 'साधित पात्र'. विषय संपला.

शब्दखुळा:
गुरुजी, 'साधित पात्र' वाचून वाचक पान उलटेल. जिल्हा परिषदेचं परिपत्रक वाटतं. 'व्हेरिएंट' लिहा, करोनाने तो शब्द घराघरात पोचवलाय.

गुरुजी_निवृत्त:
म्हणजे रोगाचा शब्द चालतो, व्याकरणाचा नाही. छान.

दापोलीचा_पाव्हणा:
'वाण' का नको? चाहते स्वतः 'आशु' असाही शब्द वापरतात, तो जीवशास्त्रातला, उपप्रजाती या अर्थाचा. त्यातला 'आ' म्हणजे आपला 'उप'. उपोष्ण कटिबंधाला 'आनेत्ताइ' म्हणतात त्यातलाच. आणि काइतोचे, म्हणजे मिकुसारख्याच एका पुरुष गायक-आवाजाचे, आशु बघा: आकाइतो लाल, किकाइतो पिवळा. पोरगा तोच, रंग बदलला, स्वभाव बदलला. मराठी 'वाण' हा 'वर्ण'वरून आलाय, त्यात रंगही आला नि प्रकारही. हापूसची आणि नीलमची 'रत्ना' होते तसं.

मृण्मयी:
'मिकुचं वाण' म्हटलं की मला संक्रांतीला मिकु लुटल्यासारखं वाटतं 😄

दापोलीचा_पाव्हणा:
ताई, ते वाण वेगळं, ते 'वायन'वरून आलं. बियाण्याचा 'तो' वाण.

मृण्मयी:
आमच्याकडे बियाण्याचंही 'ते' वाणच म्हणतात. नगर जिल्हा.

दापोलीचा_पाव्हणा:
कृषी विद्यापीठाच्या पत्रकात 'नवीन वाण विकसित केले' असतं खरं. पण आमच्या खोतीत 'तो'च.

गुरुजी_निवृत्त:
शिवाय 'रत्ना' हा संकर आहे. हाकु कोणाकोणाचा संकर आहे ते सांगा.

स्वरभंग:
तुम्ही सगळे चित्राबद्दल बोलताय, आवाजाचं काय? मूळ मिकु ज्यावर गायची त्या वोकॅलॉइड 2 या गायन-सॉफ्टवेअरमध्ये 'जेंडर फॅक्टर' नावाचा आकडा असतो, 0 ते 127, मधोमध 64. वर नेला की आवाज जाड आणि मोठ्या वयाचा होतो, खाली आणला की कोवळा. कित्येक हासेइ पात्रांचा 'आवाज' म्हणजे मूळ आवाजाचा हा आकडा हलवलेला असतो. मिकुओ, म्हणजे मुलगा-मिकु, असाच गातो. याउलट कासाने तेतो. 1 एप्रिल 2008 ला लोकांना फसवायला केलेली खोटी वोकॅलॉइड. पण पुढे तिला उताउ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा आवाज मिळाला आणि 2023 मध्ये सिंथेसायझर व्ही या दुसऱ्या गायन-सॉफ्टवेअरचा विकतचा आवाजही निघाला. ती साधित कशी? जिला स्वतःचा गळा, ती स्वतंत्र. माझ्यापुरती रेघ तिथे.

अवंती:
ही रेघ पटली. रातराणी, लेखात हे घ्याच.

शब्दखुळा:
हात्सुने, योवाने, कासाने, सगळ्यांत 'ने' आहे. 'ने' म्हणजे आवाज ना? मग हा आपला 'नाद'च की. बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे गेला असणार.

अवंती:
नाही. अस्सल जपानी शब्द आहे तो. दिसला सारखा शब्द की लावला संस्कृतला, हे थांबवा.

शब्दखुळा:
पुरावा?

अवंती:
पुरावा तुम्ही द्यायचा, दावा तुमचा आहे.

रातराणी:
मंडळी, शुक्रवार 🙏 सध्या 'मिकुवरून बेतलेली पात्रं' असं लिहून ठेवलंय. लांबण लागतं, पण संपादक गप्प आहेत. आणखी एक: हाचुनेच्या हातात 'नेगी', म्हणजे कांद्याच्या जातीची जपानी भाजी, असतो, सप्टेंबर 2007 च्या एका गाजलेल्या व्हिडिओत ती तो फिरवत राहते. 'कांद्याची पात' लिहिलं तर चालेल?

मृण्मयी:
पात नाही, 'पातीचा कांदा'. पात म्हणजे फक्त हिरवं.

दापोलीचा_पाव्हणा:
नेगीला खाली कांदा धरतच नाही. पांढरा जाड दांडाच असतो. 'पातीचा कांदा' साफ चूक.

मृण्मयी:
मग 'पात' तरी कशी? पात लवते. ती मुलगी दांडा फिरवते.

गुरुजी_निवृत्त:
विदर्भात 'हिरवा कांदा' म्हणतात.

स्वरभंग:
पुण्यात मॉलमध्ये 'लीक' म्हणून मिळतो, पण तो नेगी नव्हे, पानं चपटी असतात. नेगीची पोकळ, नळीसारखी.

मृण्मयी:
पोकळ म्हणजे पातच झाली ना मग?