दोन्ही पाकिटांवर उलाँग, मग चहा इतका वेगळा कसा?

सायसाखर:
माझ्याकडे चिनी उलाँग चहाची दोन पाकिटं आहेत. एकात हिरव्या घट्ट गोळ्या, पाणी ओतलं की फुलांचा वास आणि फिका पिवळा रंग. दुसऱ्यात लांब काळपट पिळलेली पानं, भाजका वास, चहा तांबूस. यातला खरा उलाँग कुठला? झाडंच वेगळी असतात का?

गवतीपात:
दोन्ही खरे. ग्रीन टी ज्या झाडाचा तेच हे झाड, जाती तेवढ्या वेगळ्या. उलाँग म्हणजे करायची पद्धत, पानं जरा सुकवून टोपलीत पुन्हा पुन्हा हलवतात, एकमेकांवर घासून कडा दुखावतात आणि तिथून पान लाल पडायला लागतं, मग ते अर्ध्यावरच तापवून थांबवायचं. कुठे थांबवलं आणि नंतर किती भाजलं यातच सगळी गंमत आहे. गोळ्या बहुतेक चीनच्या फुजियान प्रांताच्या दक्षिणेकडच्या आन्शीचा थिएक्वानयिन असणार, क्वानयिन म्हणजे करुणेची देवी. दुसरा उत्तर फुजियानच्या वूयी डोंगरातला वाटतोय, तिथे कड्याकपारीत झाडं वाढतात म्हणून त्याला खडकाचा चहाच म्हणतात.

सायसाखर:
बरोबर, त्यावर दा होंग पाओ लिहिलंय! पण तो चहा तर वूयीतल्या कड्यावरच्या त्या प्रसिद्ध सहा जुन्या झाडांचाच असतो ना?

तिसराघोट:
नाही हो, त्या झाडांची तोडणी २००६ पासून बंद आहे, शेवटच्या चहातला २० ग्रॅम बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलाय. आता मिळतो तो त्यांच्या कलमांपासून वाढवलेल्या झाडांचा, नाहीतर रौग्वेई, श्वेईश्येन अशा वूयीच्याच जातींचं मिश्रण, आणि चांगलं मिश्रण करणं हे मोठं कसब आहे, त्याला नकली म्हणू नका. जमलं तर ग्वांगदोंग प्रांतातल्या फंगह्वांग डोंगराचा दानत्सोंग उलाँग पण प्या, त्याचे प्रकार वासावरून ओळखतात, मधाळ ऑर्किडच्या वासाचा मीलानश्यांग माझा सगळ्यात आवडता. पाणी मात्र उकळतं हवं, पाने जास्त, आणि पहिला चहा पंधरा-वीस सेकंदांतच गाळा.

सायसाखर:
आत्ता भिजलेली पानं बशीत उलगडून बघितली. काळपटवाल्याच्या कडेला तांबूस पट्टा दिसतोय, पण गोळीवाल्याच्या कडा फाटक्या आहेत, माल खराब आहे का?

गवतीपात:
अजिबात नाही. हल्लीच्या हिरव्या थिएक्वानयिनमध्ये लाल झालेली कड मुद्दाम झाडून टाकतात, म्हणूनच तुमचा चहा इतका फिका आणि फुलांच्या वासाचा होतोय. त्याच आन्शीचा भाजलेला थिएक्वानयिन मिळाला तर शेजारी ठेवून पिऊन बघा.