यंत्रांविषयीची भाकिते जमतात, समाजाविषयीची का चुकतात?

जिज्ञासू : भविष्यातील तंत्रज्ञानाविषयीची जुनी भाकिते वाचताना एक विसंगती सतत जाणवते. अमेरिकी अभियंते गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये संगणकाच्या चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल असे सांगितले, १९७५ मध्ये हा काळ दोन वर्षांचा केला, आणि तो अंदाज पुढे कित्येक दशके टिकला. याउलट, शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेसे होईल, हे अर्थतज्ज्ञ केन्स यांचे १९३० मधील भाकीत मुदत संपत आली तरी प्रत्यक्षात उतरलेले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे समाज कसा बदलेल, हे सांगण्याची एखादी विश्वासार्ह पद्धत आहे का?

अर्थवेध : केन्स निम्मे बरोबर होते. प्रगत देशांचे राहणीमान चार ते आठ पटींनी वाढेल, हा त्यांचा अंदाज ढोबळमानाने खरा ठरला. चुकले ते इतकेच की, गरजा भागल्यावर माणूस थांबेल असे त्यांनी गृहीत धरले. कपडे धुण्याचे यंत्र आले तेव्हा धुण्याचे कष्ट कमी झाले, परंतु कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले आणि वाचलेल्या वेळेचा मोठा वाटा स्वच्छतेच्या वाढत्या अपेक्षांनीच गिळला.

जुना इंजिनिअर : माझ्या मते खरी अडचण कालावधीची आहे. एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, तरी कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेचा मोठा लाभ दिसायला १९२० चे दशक उजाडले. वाफेच्या एका इंजिनावर छताखालचा लांब दांडा फिरायचा आणि पट्ट्यांच्या साहाय्याने सगळी यंत्रे चालायची. प्रारंभी मालकांनी इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसवली आणि बाकीची मांडणी तशीच ठेवली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार मिळाली, यंत्रे दांड्याच्या सोयीऐवजी कामाच्या ओघानुसार मांडता आली आणि एकमजली इमारती बांधल्या गेल्या, तेव्हा कुठे फरक पडला. जुन्याच कार्यपद्धतीत एका टेबलावरील काम सॉफ्टवेअरकडे सोपवणे हे आजचे इंजिनाच्या जागी मोटार बसवणे आहे.

शंकासुर : प्रश्नाचे गृहीतकच मला मान्य नाही. मूर यांचा अंदाज टिकला म्हणून तो आपल्याला आठवतो. माणूस करू शकतो ते कोणतेही काम वीस वर्षांत यंत्रे करू शकतील, असे कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक हर्बर्ट सायमन यांनी १९६५ मध्येच लिहिले होते. अमेरिकेत १९७० मध्ये चित्र दाखवणाऱ्या दूरध्वनीची व्यावसायिक सेवा सुरू झाली आणि ग्राहकांअभावी बारगळली. उलट, १९९२ मध्ये पहिल्यांदा पाठवला गेलेला, १६० अक्षरांत मावणारा लघुसंदेश मात्र जगभर रुळला. तेव्हा यंत्रांची भाकितेही जमतात, असे सरसकट म्हणू नये.

जिज्ञासू : आपला आक्षेप मान्य. मग नोकऱ्यांविषयीच्या भाकितांचे काय? एक्स-रेसारख्या प्रतिमा वाचून निदान करणाऱ्या डॉक्टरांचे, म्हणजे रेडिओलॉजिस्टचे, काम यंत्रे करतील, म्हणून त्यांचे प्रशिक्षण थांबवावे, असे कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते, आणि त्या डॉक्टरांची गरज तर आजही आहे.

जुना इंजिनिअर : प्रतिमा वाचणे हा त्या डॉक्टरांच्या कामाचा केवळ एक भाग आहे, आणि वाचन स्वस्त झाले की तपासण्याही वाढू शकतात. अमेरिकेत एटीएम आल्यावर प्रत्येक शाखेतील रोखपाल कमी झाले, पण शाखा चालवणे स्वस्त झाल्याने शाखाच वाढल्या आणि रोखपालांची एकूण संख्या दीर्घकाळ घटली नाही. ती घटू लागली ती पुढे, लोक घरबसल्या मोबाइलवरून व्यवहार करू लागल्यावर. एटीएमने रोखपालाचे काम उचलले होते. मोबाइलने शाखेत जाण्याचे कारणच काढून टाकले. म्हणून वैद्यकाबाबत मी प्रतिमा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा, रुग्णाला तपासणीसाठी रुग्णालयात जावेच लागणार नाही अशा साधनांवर अधिक लक्ष ठेवीन.