शब्दचर्चा : ड्रम कोअरमधले ‘एज-आउट’, ‘व्हेट’ आणि पुढचा हंगाम

ओहायोकर :
आमच्या मंडळाच्या अंकासाठी अमेरिकेतल्या ड्रम कोअरवर लेख लिहितोय. पुतण्या एका पथकात मेलोफोन (एक पितळी वाद्य) वाजवतो, त्यामुळे घरात वर्षभर हाच विषय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे-रायफली फिरवणारं कलर गार्ड, मिळून जास्तीत जास्त १६५ मुलंमुली. उन्हाळाभर बसने गावोगाव फिरायचं, रात्री शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपायचं, दिवसभर उन्हात सराव, संध्याकाळी स्पर्धा. ऑगस्टात इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये शेवट. अंतिम रात्री १२ पथकं.

हंगाम संपला की सुरू होते ती हिवाळ्यातली गप्पाष्टकं. कुणाचे किती ‘एज-आउट’ झाले (वयोमर्यादेमुळे बाहेर पडले), किती ‘व्हेट’ (जुने सदस्य) परत येणार, ‘टर्नओव्हर’ (माणसांची अदलाबदल) किती, म्हणून पुढच्या वर्षी कोण वर, कोण खाली. या ‘टर्नओव्हर’ला मी ‘सदस्यांची गळती’ असं लिहिलं. संपादक म्हणतात चालेल. मला खटकतंय, पण का ते सांगता येत नाही.

कोशातला किडा :
खटकायलाच हवं. गळती शाळेत होते, पक्षात होते. जो राहायला हवा होता तो निघून गेला, असा ठपका त्या शब्दात असतो. वयाच्या नियमाने जावं लागलं त्याला गळती कशी म्हणणार? ‘उलाढाल’ लिहू नका, वाचक दुकानाचा गल्ला शोधेल. ‘खांदेपालट’ही नको. त्यात माणसं बहुधा तीच राहतात, खाती बदलतात.

लाल मातीतला :
आमच्याकडे कबड्डीत यासाठी रोजचा शब्द आहे. कुमार गटात वयही लागतं आणि वजनही. पोरगा ‘वयात बसतो’ किंवा ‘वयात बसत नाही’. ‘यंदा वयात बसतोय, वजनात बसवा त्याला’ हे तर प्रत्येक प्रशिक्षकाच्या तोंडी. आणि मुदत संपली की ‘वयातून गेला’. मग खुला गट. तुमचं एज-आउट म्हणजे ‘वयातून जाणं’. सरळ लिहा.

ओहायोकर :
वा! हे अगदी बसतं. इथला नियम असा, की १ जूनला वय २१ पेक्षा जास्त नको. म्हणजे २ जूनला बाविसावं लागणारा पूर्ण उन्हाळा वाजवतो आणि ३१ मेला लागलेला प्रेक्षकांत बसतो. मे महिन्यात जन्मलेली पोरं आईबापांना बोल लावतात म्हणे.

पण ‘खुला गट’ इथे घात करेल. ड्रम कोअरमध्ये ‘ओपन क्लास’ आहे, पण तो वयाने खुला नाही. ती तुलनेने लहान पथकांची श्रेणी, वयोमर्यादा तीच. ज्यात वयाची अट नाही तो वेगळा, ‘ऑल-एज’. मी ओपन क्लासला ‘खुला गट’ लिहिलं तर मराठी वाचक उलटंच समजेल.

लाल मातीतला :
मग ओपन क्लास तसंच ठेवा, आणि ऑल-एजला ‘वयाची अट नसलेला गट’ म्हणा. लांब आहे, पण खोटं नाही.

नदीपात्र :
पुण्यात ढोल-ताशा पथकात आहे, म्हणून दोन शब्द. आमच्यात वयातून कुणी जात नाही. जातात ते नोकरीमुळे, लग्नामुळे, परीक्षेमुळे, नाहीतर पथकात फूट पडून अर्धे शेजारच्या पथकात. आणि निघताना कुणी ‘सोडलं’ म्हणत नाही. ‘यंदा जमत नाही रे’ म्हणतात. पुढच्या वर्षी सरावाच्या पहिल्या दिवशी हजर झाला तर आला, नाहीतर कळतंच. त्यामुळे आमचा हिशोब गणपतीच्या तोंडावर लागतो. तुमच्याकडे तो आधीच कळतो ना?

ओहायोकर :
बराचसा. वयातून कोण जाणार हे हंगाम सुरू होण्याआधीच ठाऊक असतं, जन्मतारखाच सांगतात. अंधारात असतं ते बाकीचं. नोव्हेंबर-डिसेंबरपासून निवडीची शिबिरं, मग महिन्यामहिन्याच्या शनिवार-रविवारी सराव, आणि मे महिन्यात सगळे कायमचे मुक्कामाला. जुन्यांनाही बऱ्याच ठिकाणी पुन्हा चाचणी द्यावी लागते. त्यात एखादा जुना भिडू कॉलेजातली इंटर्नशिप धरतो, एखाद्याकडे शुल्काचे पैसे नसतात (हजारो डॉलर लागतात, आणि ते मुलांनी भरायचे), एखादा वरच्या क्रमांकाच्या पथकात चाचणी द्यायला जातो.

कोशातला किडा :
म्हणजे एका ‘टर्नओव्हर’च्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत : वयातून गेलेले, सोडून गेलेले, दुसऱ्याने पळवलेले. मराठीत तिघांना तीन क्रियापदं आहेत, तर एकाच नामात का कोंबायचं? एकूण बदलाबद्दल बोलायचं असेल तेव्हा नाटकवाल्यांचा ‘संच’ घ्या. ‘संच बदलला’, ‘जुन्या संचातले किती उरले’. प्रयोग तोच, माणसं नवी.

शंकासूर :
शब्द झाले, पण मूळ समजुतीवरच माझी शंका आहे. जुने जास्त उरले की पथक वर जातं, हे गृहीत धरूनच सगळे बोलताहेत. २०२० चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. २०२१ मध्ये पथकं मैदानात आली, पण स्पर्धा नव्हती. म्हणजे २०२२ ला जो ‘जुना’ होता, त्याचा स्पर्धेचा अनुभव २०१९ चा. सगळ्यांचेच संच मोडलेले. जिंकलं कोण? कॅलिफोर्नियाच्या कॉन्कर्डचं ब्लू डेव्हिल्स, ज्यांच्याकडे आधीच ढीगभर विजेतेपदं होती. पोरं बदलली. शिकवणारे, रचना करणारे, वर्षानुवर्षांची पद्धत तीच राहिली. मी तरी पुढच्या हंगामाचा अंदाज बांधताना आधी प्रशिक्षकांची यादी बघेन, मग पोरांची.

ओहायोकर :
अर्धं मान्य. १९४० पासूनचं बॉस्टन क्रुसेडर्स पहिल्यांदा जागतिक विजेते झालं ते २०२५ मध्ये, आणि ती चढण एका वर्षाच्या चांगल्या संचाने चढलेली नाही, वर्षानुवर्षं लागली. पण ‘पोरांनी फरक पडत नाही’ हे मात्र पटत नाही. कुठली जागा रिकामी झाली ते बघावं लागतं.

बेस ड्रमचंच घ्या. बहुतेक पथकांत पाच, लहान ते मोठा, प्रत्येकाचा स्वर वेगळा. पाच जण मिळून एकच ओळ वाजवतात, पण ती ओळ फोडलेली असते. भरभर चाललेल्या बोलांतला एक ठोका पहिल्याचा, पुढचा दुसऱ्याचा, त्यापुढचा तिसऱ्याचा. ऐकणाऱ्याला वाटतं एकच माणूस वरून खाली हात फिरवतोय. मधला एक केसभर उशिरा आला की जिना चढताना पायरी निसटल्यासारखं ऐकू येतं. ट्रम्पेटच्या मोठ्या ताफ्यात चार नवे आले तर आजूबाजूचे सांभाळून घेतात. बेसमधल्या पाचांतला एक बदलला तर उरलेल्या चौघांनाही नव्याने शिकावं लागतं. म्हणून नुसता आकडा ऐकून मला काही कळत नाही. तिथे पाचांपैकी तीन गेले म्हटलं की कळतं.

नदीपात्र :
हे एकदम पटलं. आमच्यात पन्नास ढोल एकच हात, म्हणजे ठेका, वाजवतात. दोन कमी झाले तर मिरवणुकीत कुणाला पत्ता लागत नाही. पण ताशावाला गेला की पथक आंधळं होतं. हात तोच उचलून देतो ना. ताशावाले किती राहिले, यावरूनच पथकाचं यंदा काय होणार ते ओळखायचं.

आणि ‘रुकी’ला, म्हणजे पथकात नव्याने आलेल्याला, ‘नवशिका’ लिहू नका. आमच्याकडे नवशिका म्हणजे ज्याच्या हाताला टिपरू (ढोल वाजवायची काठी) अजून बसलं नाही तो.

ओहायोकर :
बरोबर, इथेही तसंच. रुकी म्हणजे या पथकात पहिलं वर्ष. तो दुसरीकडे तीन हंगाम काढून आलेला असू शकतो. २०२३ मध्ये सँटा क्लारा व्हॅन्गार्डने पैशांच्या अडचणीमुळे मुख्य पथक उतरवलंच नाही, २०२४ ला ते परत आले. १९३४ पासूनचं कॅडेट्स २०२४ मध्ये कायमचं बंद पडलं. अशा पथकातला वाजवणारा वयात बसत असेल तर दुसरीकडे चाचणी देतो, आणि तिथे कागदोपत्री रुकी ठरतो. त्यामुळे ‘यंदा रुकी फार’ ऐकून घाबरायचं कारण नाही. कुठून आलेत ते विचारावं.

कोशातला किडा :
‘नवा’ पुरे. जुना-नवा ही जोडी सासरपासून कचेरीपर्यंत सगळीकडे चालते, इथेही चालेल. ‘व्हेट’ला ‘अनुभवी’ नको, कारण अनुभवी नवाही असू शकतो, हे तुम्हीच आत्ता दाखवलंत. जुना म्हणजे या घरातला जुना.

शंकासूर :
मग ‘प्रॉस्पेक्ट्स’ला, म्हणजे पुढच्या हंगामात कोण वर जाईल त्या शक्यतेला, काय? ‘भवितव्य’ म्हटलं की संस्था बंद पडायला आल्यासारखं वाटतं.

लाल मातीतला :
पारडं. ‘पुढच्या हंगामात कुणाचं पारडं जड’. क्रीडा पानावर हेच वाचतो रोज.

ओहायोकर :
आता परिच्छेद असा केलाय : ‘ऑगस्ट संपता संपता पुढच्या हंगामात कुणाचं पारडं जड, याची चर्चा सुरू होते. वयातून किती गेले हे तारखांवरून समजतं. सोडून किती गेले, हे शिबिरं सुरू झाल्यावर. पण संच किती बदलला यापेक्षा कुठे बदलला, हे विचारणारा माणूस सहसा बरोबर ठरतो.’ शेवटचं वाक्य जरा ठासून झालंय का?

शंकासूर :
‘सहसा’ आहे तोवर चालेल. प्रशिक्षकांचं एक वाक्य घाला मात्र.

कोशातला किडा :
आणि ‘कॉर्प्स’ लिहू नका, काही जण तसं छापतात. उच्चार ‘कोअर’. इंग्रजीत अनेकवचनाचं स्पेलिंग तेच राहतं, उच्चार मात्र ‘कोअर्झ’ होतो. लेखात ‘ड्रम कोअर’ एकदा सांगून पुढे ‘पथक’ ठेवा. ‘कोअरांचे’, ‘कोअरांनी’ वगैरे वाचवत नाही.

ओहायोकर :
ठेवतो. मेलोफोनला मात्र मराठी शब्द सुचवू नका, पुतण्या भांडायला येईल.